थरांच्या चुंबकातला पीळ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात थराथरांच्या चुंबकांवर लिहिताना स्कर्मिऑनचा उल्लेख आला होता. चुंबकातल्या अणूंचे सूक्ष्म बाण जिथे गोलाकार पीळ घेतात, अशी ही काही नॅनोमीटरपासून दोनशे-तीनशे नॅनोमीटरपर्यंतची जागा. त्यावर पुण्यातून आणि आसपासहून बरीच पत्रं आली. काही शाळांतून, काही थेट प्रयोगशाळांतून. बहुतेक प्रश्न फिरून एकाच जागी येतात: हा पीळ घालतो कोण, आणि तो खरोखर आहे हे ओळखायचं कसं? त्या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी नववीच्या मुलांकडून स्कर्मिऑनची प्रतिकृती करून घ्यायची आहे. खर्च कमी हवा. (शिक्षिका, सदाशिव पेठ)

उत्तर : बाई, रांगोळीचे ७ ते ४ ठिपके काढा. मधल्या ओळीत ७, दोन्ही बाजूंना ६, ५, ४. एकूण ३७ ठिपक्यांचा षट्कोन होतो: मधोमध १, त्याभोवती ६, मग १२ आणि बाहेर १८. स्कर्मिऑन समजायला याहून सोयीची आकृती नाही. दोन ठिपक्यांत ६ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि ४५ सेंटिमीटरचा जाड पुठ्ठा घ्या. प्रत्येक ठिपक्यावर सुपारीएवढा शाडूच्या मातीचा गोळा बसवा. ३७ टूथपिक अर्ध्या लाल रंगवा. लाल टोक म्हणजे बाणाचं डोकं, पांढरं म्हणजे शेपूट.

मधल्या गोळ्यात लाल टोक खाली खुपसून काडी उभी करा. हा बाण सरळ खाली बघतो. बाहेरच्या १८ काड्या लाल टोक वर ठेवून उभ्या. मधली दोन कडी तिरकी: पहिल्या कड्यात लाल टोक मातीत आणि काडी पुठ्ठ्यापासून ३० अंश वर, दुसऱ्या कड्यात पांढरं टोक मातीत, काडी तितकीच तिरकी. मधून बाहेर जाताना बाण प्रत्येक पायरीला ६० अंश वळतो, तीन पायऱ्यांत पूर्ण उलटा होतो.

मुलं हमखास चुकतात ती पहिल्या कड्यात. तिथे काड्या मध्याकडे झुकायला हव्यात आणि दुसऱ्या कड्यात बाहेर. पहिल्या कड्यात डोकं मातीत आहे, त्यामुळे काडी आत झुकली तरच बाण बाहेर बघतो. सगळ्या काड्या बाहेर झुकवल्या की दोन कड्यांत दिशा उलटते आणि पीळ तुटतो. झुकाव त्रिज्येच्या रेषेत ठेवला तर तो नील जातीचा स्कर्मिऑन. सगळ्या तिरक्या काड्या त्याच क्रमाने ९० अंश बाजूला वळवून वर्तुळाच्या कडेने झुकवल्या तर ब्लॉख जातीचा. दोन्ही करून शेजारी ठेवा.

मग एक मोसंबी घ्या. पुठ्ठ्यावरच्या प्रत्येक बाणाची दिशा न बदलता तशीच एकेक काडी मोसंबीत लावा, लाल टोक बाहेर. वर, खाली, चहूबाजूंना काड्या येतात. सगळं फळ एकदा झाकलं गेलं, म्हणून या रचनेचा टोपॉलॉजिकल अंक १. साध्या चुंबकाचे सगळे बाण मोसंबीच्या एकाच ठिकाणी गोळा होतात, म्हणून त्याचा अंक ०.

प्रश्न : हा पीळ सुटतच नाही असं वाचलं. कधीच नाही? आणि नाव कुठून आलं? (अकरावीचा विद्यार्थी, कोथरूड)

उत्तर : डोक्यावरचा भोवरा कितीही विंचरला तरी जात नाही, फार तर थोडा सरकतो. स्कर्मिऑनचं तसंच आहे. बाण हळूहळू, अखंडपणे वळवत राहिलं तर १ चा ० होऊ शकत नाही. फरक एवढाच की भोवऱ्याच्या मध्यावर केसांना दिशा ठरवता येत नाही, तर स्कर्मिऑनच्या मध्यावरचा बाण निमूट खाली वळतो. त्यामुळे तिथे अडचण उरत नाही.

पण ‘अखंडपणे’ ही अट कागदावरची आहे. खरा चुंबक अणूंचा बनलेला असतो आणि दोन अणूंमध्ये काही नसतं. मधला बाण एकदम उलटला की पीळ संपतो. त्यासाठी ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. उंबरठा उंच असला तर स्कर्मिऑन वर्षानुवर्षं टिकतो, बुटका असला तर क्षणात जातो. २०१३ मध्ये इरिडियमवरच्या पॅलेडियम-लोखंडाच्या अणुजाड पडद्यात, ४.२ केल्विनला, सूक्ष्मदर्शकाच्या सुईतून विद्युतप्रवाह देऊन एकेक स्कर्मिऑन लिहिले आणि पुसलेही गेले. म्हणून ‘अमर’ हा शब्द टाळावा.

नाव ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ टोनी स्कर्म यांच्यावरून. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अणुकेंद्रातल्या कणांसाठी अशी गाठीची कल्पना मांडली. चुंबकात ती शक्य आहे हे १९८९ मध्ये गणिताने दिसलं, २००९ मध्ये मँगनीज सिलिसाइडमध्ये न्यूट्रॉनांनी सापडलं आणि २०१० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांना दिसलं.

प्रश्न : एफजीटी, म्हणजे तीन लोखंड, एक जर्मेनियम, दोन टेल्युरियम असा स्फटिक. याला सममितीचं केंद्र आहे, म्हणजे डीएमआय शून्य हवा. तरी प्रत्येक शोधनिबंधात त्यात स्कर्मिऑन आहेत. कुणाचं खरं? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, पाषाण)

उत्तर : शंका रास्त आहे, आणि या विषयातला निम्मा गोंधळ ती वेळेवर न विचारल्यामुळे झाला आहे.

इतर वाचकांसाठी आधी थोडं. शेजारच्या दोन अणूंचे बाण समांतर ठेवू पाहतो तो एक्स्चेंज. त्यांना एकमेकांशी काटकोनात, आणि तेही ठरावीक हाताने (नेहमी डावीकडे किंवा नेहमी उजवीकडे) वळवू पाहतो तो डीएमआय, म्हणजे झालोशिन्स्की (१९५८) आणि मोरिया (१९६०) यांनी दाखवलेला परिणाम. त्याला दोन गोष्टी लागतात: जवळ जड अणू, कारण त्यांच्यात इलेक्ट्रॉनचं स्पिन, म्हणजे त्याचा चुंबकीय बाण, त्याच्या कक्षेशी घट्ट बांधलेलं असतं, आणि मोडलेली सममिती. टेल्युरियम जड आहे, तेव्हा पहिली अट पुरी होते. अडतं दुसरीपाशी. एफजीटीचा एक थर साधारण ०.८ नॅनोमीटरचा. त्यात लोखंडाच्या वरच्या ओळीला उजवा पीळ मिळतो, तर खालच्या ओळीला तितकाच डावा. बेरीज शून्य.

मग पीळ येतो कुठून? पाच वाटा माहीत आहेत. पहिली, शेजारी: एफजीटीवर टंग्स्टन डायटेल्युराइडचा पापुद्रा ठेवला की वरची आणि खालची बाजू सारखी राहत नाही. २०२० मध्ये अशा जोडीत नील जातीचे, दीडशे नॅनोमीटरच्या आसपासचे स्कर्मिऑन दाखवले गेले. दुसरी, गंज: एका पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण झालं की तोच पृष्ठभाग परका शेजारी होतो. तिसरी, लोखंडाची कमतरता: रिकाम्या जागा आणि सरकलेले अणू थराची आरशासारखी सममिती मोडतात. चौथी, थर रचण्याचा क्रमच बदलणं: पाच लोखंडांच्या भावंड-संयुगात निम्म्या लोखंडाऐवजी कोबाल्ट घातला की थर वेगळ्या क्रमाने बसतात आणि स्फटिकाला वर-खाली असा भेद येतो. त्यात खोलीच्या तापमानाला स्कर्मिऑनची जाळी मिळाल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं.

पाचव्या वाटेत डीएमआय मुळी नसतोच. जाडसर चुंबकाचं स्वतःचं बाहेर सांडणारं क्षेत्र कमी करायला चुंबकन (बाणांची एकत्रित रचना) आपोआप पट्टे आणि बुडबुडे करतं. असा बुडबुडा ब्लॉख जातीचा असतो आणि त्याचा अंक १ असूही शकतो, पण त्याला हात नसतो: काही डावे, काही उजवे, आणि काहींच्या भिंतीत (आतल्या-बाहेरच्या उलट बाणांमधल्या सीमेत) पीळ अर्ध्यावर उलटलेला, म्हणजे अंक ०. क्रोमियम जर्मेनियम टेल्युराइडच्या पातळ तुकड्यांत असेच दोन्ही हातांचे बुडबुडे दिसतात.

म्हणून निबंध वाचताना ‘स्कर्मिऑन दिसले का’ हे नंतर बघा. आधी ‘सगळ्यांचा हात एकच आहे का’ ते बघा. लॉरेंझ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात हे थेट कळतं. ब्लॉख जातीचा ठिपका नमुना आडवा असतानाच दिसतो. हात बदलला की उजळचा काळा होतो. एकाच चित्रात उजळ आणि काळे मिसळलेले असतील तर पीळ घालणारा डीएमआय नाही. नील जातीचा मात्र आडव्या नमुन्यात अजिबात दिसत नाही. तिथे बाण त्रिज्येच्या दिशेने असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन वर्तुळाच्या कडेने सरकतात आणि कुठेच गोळा होत नाहीत. नमुना २० ते ३० अंश कलवला की अर्धा उजळ, अर्धा काळा ठिपका उमटतो आणि विरुद्ध बाजूला कलवला की उजळ-काळं उलटतं. कलवलेली आणि न कलवलेली अशी दोन्ही चित्रं निबंधात नसतील, तर ‘नील’ हा शब्द तात्पुरताच धरा.

प्रश्न : एफजीटीचे स्फटिक वाढवताना एक क्वार्ट्झ नळी फुटली. दुसरीत स्फटिक आले, पण क्युरी तापमान (ज्याच्या वर चुंबकत्व जातं ते) २२० ऐवजी १५५ केल्विन. चूक कुठे? (संशोधक विद्यार्थी, गणेशखिंड)

उत्तर : दोन वेगळ्या चुका आहेत.

नळीचं आधी. २ ग्रॅम मालासाठी लोखंड ०.६७६, जर्मेनियम ०.२९३ आणि टेल्युरियम १.०३० ग्रॅम. आतून १६ मिलिमीटर व्यासाची, १५ सेंटिमीटर लांब नळी म्हणजे सुमारे ३० घन सेंटिमीटर. माल वाफेतून थंड टोकाला वाहून नेणारं आयोडीन घन सेंटिमीटरला २ ते ३ मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे ६० ते ९० मिलिग्रॅम. ७५ मिलिग्रॅम आयोडीन ७५० अंश सेल्सिअसला जवळपास ०.८ वातावरणाचा दाब देतं, ते चालतं. घाईत अर्धा ग्रॅम पडलं तर हाच दाब पाच वातावरणांवर जातो. ओलावा याहून वाईट: फक्त १० मिलिग्रॅम पाणी त्याच नळीत दीड वातावरणाची भर घालतं, शिवाय लोखंड गंजवतं. म्हणून रिकामी नळी आधी निर्वातात तापवून कोरडी करा. आयोडीन घातल्यावर हवा काढताना नळीचं टोक द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवा, नाहीतर पंप आयोडीनच ओढून घेतो आणि मग वाहतूक होत नाही. सील करताना काच पातळ ओढली गेली की फुटते ती तिथेच. भट्टी मिनिटाला १ अंशाने चढवा आणि नळी सुरक्षा-काचेमागे ठेवा.

माल गरम टोकाला, ७५० अंशांवर. थंड टोक ७०० वर. पण पहिला एक दिवस उतार उलटा ठेवा. त्यामुळे थंड टोकाची चिकटलेली धूळ साफ होते आणि शंभर बारीक बीजांऐवजी मोजके मोठे पत्रे येतात. मग आठवडा ते दोन आठवडे हात लावायचा नाही. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाण्याचा धोका गृहीत धरूनच भट्टी सुरू करा. मध्येच नळी थंड झाली की आयोडीन गोठतं, पुन्हा तापताना नवी बीजं पडतात आणि स्फटिक दाणेदार होतात. भट्टी आणि नियंत्रक दोन्ही जनित्रावर हवेत. नुसता नियंत्रक यूपीएसवर ठेवून भागत नाही.

आता १५५ केल्विन. हे लोखंड कमी असल्याचं लक्षण आहे. सूत्रात लोखंड ३ च्या जवळ असलं तर क्युरी तापमान २२० केल्विनच्या आसपास येतं, २.७५ पर्यंत उतरलं की ते दीडशेच्या घरात जातं. टेल्युरियमच्या वितळलेल्या द्रवातून काढलेल्या स्फटिकांत असं नेहमी होतं. वाफेच्या पद्धतीत झालं असेल तर लोखंडाची भुकटी तपासा: जुन्या भुकटीवर ऑक्साइडचा थर असतो, म्हणजे वजन भरतं पण लोखंड भरत नाही. ती हायड्रोजन-आर्गॉनमध्ये तापवून घ्या. एक्स-किरणांच्या आलेखात दोन्ही नमुने जवळपास सारखे दिसतात, तेव्हा त्यावर विसंबू नका; चुंबकनाचा तापमानाशी आलेख हीच खरी परीक्षा. आणि १५५ चे स्फटिक टाकू नका. वरच्या उत्तरातली तिसरी वाट त्यांच्यातूनच जाते.

प्रश्न : पावसाळ्यात स्फटिकावरून टेपने पापुद्रे काढले की दोन दिवसांत हिस्टेरेसिसचा फास (क्षेत्र वर-खाली नेताना चुंबकनाचा होणारा बंद आलेख) एका बाजूला सरकतो. हिवाळ्यात असं होत नाही. (संशोधक, पाषाण)

उत्तर : पृष्ठभागावर ऑक्साइड बसलंय. ते प्रतिलोहचुंबकीय (शेजारचे बाण उलटसुलट असलेल्या) क्रमाचं असेल तर खालच्या चुंबकाला एका दिशेने धरून ठेवतं आणि फास सरकतो. जाड स्फटिकात वरचे दोन-तीन नॅनोमीटर गेले तरी कळत नाही. पाच-सहा थरांच्या पापुद्र्यात निम्मा माल तिथेच संपतो. सिलिका जेलची पुडी ओलावा शोषते, ऑक्सिजन नाही.

काम हातमोजा-पेटीतच हवं, पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही दशलक्षात ०.५ भागाखाली. सिलिकॉनचा तुकडा बाहेर ऑक्सिजन प्लाझ्माने साफ करा, पण पेटीत आणल्यावर २०० अंशांवर दहा मिनिटं पुन्हा तापवा. प्लाझ्मानंतर पृष्ठभाग पाणी हपापल्यासारखा धरतो आणि नेमकी हीच पायरी पावसाळ्यात वगळली जाते. निळ्या टेपवर चार-पाच घड्या पुरेत; जास्त घातल्या की पत्रे पातळ होण्याऐवजी चुरतात. साध्या काचपृष्ठावर एफजीटीचे अगदी पातळ थर क्वचितच उतरतात. त्यासाठी स्फटिकावर अॅल्युमिनाचा पडदा चढवून तो उचलायचा, किंवा सोन्याच्या पातळ थरावर दाबायचा. सोन्यावर एकेरी थर मिळतात, मात्र प्रवाह सोन्यातूनच वाहतो, त्यामुळे विद्युत मापन विसरा.

झाकायला १० ते २० नॅनोमीटर जाड बोरॉन नायट्राइड घ्या. पॉलिकार्बोनेटच्या शिक्क्याने ते १०० अंशांच्या आसपास उचला, पापुद्र्यावर ठेवा, १८० अंशांवर सोडा. इलेक्ट्रोड आधीच खाली काढून ठेवा आणि पापुद्रा त्यांच्यावर उतरवा. नंतर लिथोग्राफी केली तर रेझिस्ट, भाजणं आणि द्रावक या तिन्हींतून नमुना जातो. एक सावधगिरी: झाकणाआधी किती मिनिटं गेली ते प्रत्येक नमुन्याच्या वहीत लिहा. ऑक्साइडही पीळ घालू शकतो हे वर आलंच आहे. वेळ नोंदवली नाही, तर पुढे स्कर्मिऑन दिसले तरी ते शेजाऱ्यामुळे की गंजामुळे हे सांगता येणार नाही.

प्रश्न : हॉल रोधाच्या (चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाच्या काटकोनात मोजलेल्या रोधाच्या) आलेखात कोपऱ्यावर उंचवटा आहे. मार्गदर्शक म्हणतात टोपॉलॉजिकल हॉल, म्हणजे स्कर्मिऑन. एवढं पुरे? (पीएच.डी. विद्यार्थी)

उत्तर : नाही. आणि तुमच्या हातातल्या आकड्यांनीच ते तपासता येतं.

स्कर्मिऑनवरून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला जणू एक चुंबकीय क्षेत्र जाणवतं: दर स्कर्मिऑनमागे प्लांक स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा भार, म्हणजे ४.१४ गुणिले १० चा उणे १५ वा घात वेबर एवढा फ्लक्स. षट्कोनी जाळीत दोन स्कर्मिऑनमध्ये २०० नॅनोमीटर अंतर असेल तर एकाच्या वाट्याला ३.५ गुणिले १० चा उणे १४ वा घात चौरस मीटर जागा येते. भागाकार ०.१२ टेस्ला. अंतर १०० नॅनोमीटर असेल तर ०.४८ टेस्ला. मँगनीज सिलिसाइडमध्ये हेच अंतर २० नॅनोमीटरच्या आसपास असल्याने आकडा १० टेस्लावर जातो. तिथला उंचवटा म्हणून पटतो.

आता तुमच्या आलेखात चुंबकन संपृक्त झाल्यानंतरचा सरळ उतार घ्या. तो साधा हॉल परिणाम. त्याला ०.१२ टेस्लाने गुणा आणि इलेक्ट्रॉनांच्या स्पिन-ध्रुवणाने आणखी कमी करा. स्कर्मिऑन याहून जास्त देऊ शकत नाहीत. उंचवटा याच्या वीस-पन्नास पट निघाला, तर कारण दुसरीकडे शोधा.

दुसरीकडे म्हणजे तीन ठिकाणी. एक, चुकीची वजाबाकी. प्रवाहाच्या दिशेचा साधा रोध मिसळतो म्हणून आलेख विषम करतात, पण उतरत्या फेरीतल्या धन क्षेत्राच्या वाचनातून चढत्या फेरीतलं ऋण क्षेत्राचं वाचन वजा करून निम्मं करायचं असतं. एकाच फेरीतली दोन वाचनं घेतली की सुरेख दिसणारा खोटा उंचवटा तयार होतो. दोन, नमुना एकसारखा नसणं: पापुद्र्याला पायरी असेल तर दोन्ही भाग वेगवेगळ्या क्षेत्राला उलटतात. दोन्ही भागांचा हॉल एकाच चिन्हाचा असला तर पायरी दिसते, विरुद्ध चिन्हांचा असला तर उंचवटा. तीन, चुंबकनाचा आलेख मिलिमीटरच्या स्फटिकावरून घेणं आणि तो नॅनोमीटरच्या पापुद्र्यातून वजा करणं. दोघांचा कोअर्सिव्ह क्षेत्राचा (चुंबकन उलटवायला लागणाऱ्या क्षेत्राचा) आकडाच जुळत नाही, मग उरतं ते स्कर्मिऑनच्या नावावर जातं. त्याच पापुद्र्यावर केर परिणामाने (परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवणातून) चुंबकन मोजा. एवढं करूनही उंचवटा उरला तर त्याच तापमानाचं, त्याच क्षेत्राचं एक तरी चित्र जोडा.

प्रश्न : चित्रासाठी चुंबकीय बल सूक्ष्मदर्शक चालेल का? आमच्याकडे तोच आहे.

उत्तर : घनता आणि आकार मोजायला चालेल, हात ओळखायला नाही. बुडबुडा आणि स्कर्मिऑन दोन्ही गोल ठिपकेच दिसतात. सुई कमी चुंबकनाची घ्या आणि ५० ते १०० नॅनोमीटर उंचीवरून फिरवा. तीच रेघ उलट दिशेने पुन्हा काढा; ठिपके सरकले असतील तर तुमची सुईच त्यांना ओढते आहे.

प्रश्न : गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डावर म्यूमॅक्स-३ ही चुंबकांचं गणित करणारी प्रणाली चालवतो. हिशोबाच्या जाळीत ४ नॅनोमीटरच्या पेशी घेतल्या. स्कर्मिऑन जागचा हलत नाही, कधी चौकोनी होतो. (अभियंता, हडपसर)

उत्तर : पेशी मोठी आहे. एफजीटीसाठी ५ केल्विनला एक्स्चेंजचा आकडा सुमारे १ पिकोज्यूल प्रति मीटर आणि उभ्या अॅनिसोट्रॉपीचा (बाणांना उभं ठेवणाऱ्या ओढीचा) १.४६ मेगाज्यूल प्रति घनमीटर आहे. भागून वर्गमूळ काढा: ०.८ नॅनोमीटर. पायने (३.१४) गुणलं की भिंतीची जाडी अडीच नॅनोमीटर येते. म्हणजे तुमची एक पेशी आख्ख्या भिंतीहून जाड आहे. भिंत पेशींच्या मधल्या फटीत अडकते, म्हणून स्कर्मिऑन हलत नाही आणि जाळीचाच चौकोनी आकार घेतो.

आडव्या दिशेत ०.५ नॅनोमीटर पेशी घ्या. ५१२ गुणिले ५१२ पेशींत २५६ नॅनोमीटरचा चौकोन बसतो, घरच्या कार्डाला तो जड नाही. मग पेशी निम्मी करून ऊर्जा बदलते का ते पाहा. खरं तर ०.५ नॅनोमीटरवर आपण स्फटिकाच्या ०.४ नॅनोमीटरच्या जाळीपाशी आलेलो असतो. इतक्या थंडीत अणू-अणूंचा हिशोब करणारी प्रणाली जास्त प्रामाणिक ठरते. तापमान वाढलं की अॅनिसोट्रॉपी चुंबकनापेक्षा वेगाने घसरते, भिंत रुंदावते आणि म्यूमॅक्सचं काम सोपं होतं. पण मग एक्स्चेंज, अॅनिसोट्रॉपी आणि चुंबकन हे तिन्ही आकडे त्या तापमानाचे हवेत. ५ केल्विनचे आकडे घालून १८० केल्विनचा निष्कर्ष काढणं ही सर्रास होणारी चूक आहे.

डीएमआयचा आकडा घालताना आणखी दोन गोष्टी. वरच्या आकड्यांवर भिंतीची ऊर्जा शून्य व्हायला सुमारे दीड मिलिज्यूल प्रति चौरस मीटर डीएमआय लागतो. त्याच्या वर गेलात की स्कर्मिऑनऐवजी पट्ट्यांचा चक्रव्यूह दिसेल. आणि शेजाऱ्याचा पीळ फक्त लागून असलेल्या थराला मिळतो, त्यामुळे दहा थरांच्या पापुद्र्यात सरासरी दहावा हिस्सा धरा. थरांमधलं एक्स्चेंज आडव्याच्या तुलनेत बरंच कमकुवत असतं. उभ्या दिशेत तोच आकडा ठेवला की सगळे थर खोटेच एकसंध वागतात. शेवटी, अंक ०.९७ आला म्हणून घाबरू नका. कडेचे बाण वाकतात त्याचा तो परिणाम आहे. कडा एकमेकांना जोडलेल्या मानून चालवा, १ च्या जवळ येईल.

प्रश्न : गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये अशी मेमरी केव्हा येईल? (वाहन-इलेक्ट्रॉनिक्स अभियंता, चाकण)

उत्तर : या थरांच्या पदार्थांतून, इतक्यात नाही. तुमच्या इंजिनाजवळच्या चिपला १२५ अंश सेल्सिअस, म्हणजे ३९८ केल्विन सोसावे लागतात. एफजीटी तर खोलीतच चुंबक राहत नाही. २०२२ मध्ये आलेल्या गॅलियमच्या भावंडाचं क्युरी तापमान ३५० ते ३८० केल्विन आहे. खोलीत ते उत्तम चालतं, तुमच्या बॉनेटखाली नाही. शिवाय क्युरी तापमानाच्या बऱ्याच आधी अॅनिसोट्रॉपी ढासळते, म्हणून वापराची मर्यादा त्याच्याही खाली येते.

टिकण्याचा हिशोबही करता येतो. दहा वर्षं माहिती राहायची, आणि पीळ सुटण्याचा एकेक प्रयत्न नॅनोसेकंदाला होतो असं धरलं, तर ऊर्जेचा उंबरठा उष्णतेच्या एककाच्या (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) ४० पट हवा. खोलीच्या तापमानाला जवळपास १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. मोठ्या स्कर्मिऑनला हे जमतं, पण मोठा म्हणजे चिपवर जागा जास्त. लहान केला की उंबरठा उतरतो. शिवाय पट्टीवरून प्रवाहाने ढकलताना स्कर्मिऑन सरळ जात नाही, कडेकडे वळतो आणि कडेला आपटून विरतो. उलट चुंबकनाचे दोन थर जोडून हे वळणं एकमेकांविरुद्ध रद्द करता येतं. व्हॅन डर वाल्स थरांचं, म्हणजे एकमेकांना सैल चिकटलेल्या अशा थरांचं, इथेच खरं आकर्षण आहे, कारण दोन वेगळे थर त्यांची जाळी जुळत नसतानाही एकमेकांवर ठेवता येतात.

कारखान्याच्या दृष्टीने अडचण टेपची आहे. टेपने काढलेला पापुद्रा दहा-वीस मायक्रोमीटरचा असतो. तुम्हाला आख्खा वेफर (चिप बनवायची चकती) लागतो. एफजीटीचे वेफरभर पडदे आण्विक-शलाका पद्धतीने २०१७ मध्येच वाढवले गेले. पण वेफरभर एकसारखं लोखंडाचं प्रमाण, वर स्वच्छ शेजारी-थर आणि मध्ये हवेचा स्पर्श नाही, हे तिन्ही एकाच यंत्रात साधावं लागतं. लोखंड किंचित कमी-जास्त झालं की क्युरी तापमान किती घसरतं ते गणेशखिंडच्या वाचकाच्या नळीत दिसलंच. तुमच्या कामासाठी आज विकत मिळणारी चुंबकीय मेमरी हवी असेल तर ती स्कर्मिऑनची नसते. कोबाल्ट-लोखंड-बोरॉन आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या थरांवर ती चालते, आणि खरेदी करताना १२५ अंशांची पात्रता असलेला भाग तपशीलपत्रकात पाहून घ्या.